व्हर्लिन आणि सगळ्यांचं रान

आमच्या सरकारी रानाच्या फाटकापाशी पहाटेच्या अंधारात दोन गाड्या शेजारी उभ्या राहिल्या की आधी काचा खाली होतात. हवापाण्याच्या गप्पा नंतर. पहिला प्रश्न एकच: "कुठे बसणार आहेस?" आधी आलेला हरणासाठी दबा धरायची जागा सांगतो, मागून आलेला दुसरीकडे जातो. हे कुठे लिहिलेलं नाही. पण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या या डोंगरांत धनुष्य घेऊन हरणामागे जाणाऱ्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळतं, आणि ज्याला मिळालेलं नसतं त्याला व्हर्लिन ब्रेके पाजतो. दुधाचा त्याला अनुभव आहे. जन्मभर त्यानं गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करणारा टँकर चालवला.

मला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी साऱ्या जगावर चिडलेली होते. माझा नवरा गॅरी एका दातांच्या डॉक्टरणीबरोबर ॲरिझोनाला निघून गेला होता आणि जाताना गॅरेजमध्ये आपलं धनुष्य टाकून गेला होता. मी ते विकायला काढलं. मग वाटलं, का म्हणून? उन्हाळाभर परसात गवताच्या भाऱ्यावर बाण मारले. भाऱ्यावर फोटो कुणाचा लावला होता ते विचारू नका. नेम मात्र झटकन बसला.

ऑक्टोबरात पहिल्यांदा फाटकापाशी गेले तर दोघं-तिघं पुरुष गाडीला टेकून कॉफी पीत उभे. एक म्हणाला, "बाई, चर्च पुढच्या वळणावर आहे." बाकीचे खिदळले. तेवढ्यात मागून एक जुनाट पिकअप आली, काच खाली झाली आणि आतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठे बसणार आहेस?"

मी डोंगराच्या वरच्या धारेकडे बोट दाखवलं. धार म्हणजे काय, तिथे काय मिळतं, मला काही ठाऊक नव्हतं.

"चांगली जागा आहे. वारा पाठीवर घेऊ नकोस. मग मी खाली ओढ्याकडे जातो," तो म्हणाला.

तो त्या धारेसाठीच आला होता, हे मला पुष्कळ नंतर कळलं. खिदळणारे गप्प झाले. व्हर्लिननं ज्याला तो प्रश्न विचारला तो शिकारी, मग तो बाई असो की बिशप. बाकीच्यांच्या तोंडून नाव ऐकून मी घाईघाईनं "थँक यू, मिस्टर ब्रेके" म्हटलं तर त्यानं मागे वळून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून. तेव्हापासून आम्ही एकेरीवर आहोत, तो माझ्या वडिलांच्या वयाचा असला तरी.

त्याच हंगामात मी पहिलं हरीण टिपलं. बाण लागला, हरीण झाडीत पळालं, आणि मी पार गोंधळून गेले. व्हर्लिन आपलं मचाण सोडून आला. शिकाऱ्याला त्यातली किंमत कळेल. संध्याकाळचा सोन्यासारखा वेळ त्यानं माझ्यापायी सोडला. आम्ही रक्ताच्या थेंबांचा माग काढत निघालो. काटेरी झुडपांपाशी तो एकाएकी थांबला. "माझी नाडी सुटली. तू हो पुढे," म्हणत बूट बांधायला खाली बसला. मी पुढे झाले, आणि हरीण समोर! मी स्वतः शोधलं होतं! त्या एका गोष्टीवर मी कित्येक वर्षं ताठ मानेनं काढली. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तीनशे पोरांचं जेवण रांधते. तिथली मुकादमीण अंगावर आली तरी मनात म्हणायचे, बाई गं, मी माझं हरीण स्वतः शोधलंय, तू कोण?

व्हर्लिनच्या वडिलांचं शेत याच डोंगराच्या पलीकडे होतं. ते विकलं गेलं. मग टँकरच्या वाटेवरचे गोठेही एकेक करून बंद पडले, शिकागोच्या लोकांनी जमिनी घेतल्या आणि झाडाझाडावर पाट्या ठोकल्या: आत येऊ नये. ज्या ओढ्यात तो पोहायला शिकला तिथेही पाटी आहे. दुसरा एखादा कडवट झाला असता. व्हर्लिन म्हणतो, "पाटी नसलेलं एवढंच रान उरलंय. इथे आपण तरी ठोकायला नको."

आणि 'माझी जागा', 'माझं झाड' असं म्हणणं ही त्याच्या लेखी पाटीच. जो म्हणेल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी डोनट आणायचे. आमच्यातला नेंग लोर चीजच्या कारखान्यात कामाला आहे, बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. तो एकदा 'माझी टेकडी' म्हणून गेला. त्यानं डोनटबरोबर आईनं केलेला चिकट भात आणि मिरचीचा ठेचाही आणला. तेव्हापासून तो पुन्हा कधी चुकतोय याची आम्ही सगळेच वाट पाहतो.

गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत व्हर्लिनचा उजवा खांदा निकामी झाला. डॉक्टर म्हणाले, नवा सांधा बसवावा लागेल. बंदुकीनं शिकार करायचा हंगाम सुरू व्हायच्या आत शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर धनुष्य ओढणं कायमचं बंद. कुणीतरी त्याला चाप दाबून बाण सोडायचं ते आडवं धनुष्य घ्यायला सुचवलं. तो म्हणाला, "ती बंदुकीची मावसबहीण. माझं तिच्याशी जमायचं नाही." त्याचं धनुष्य त्यानं स्वतः हिकरीच्या लाकडाचं तासलेलं आहे. आणि एकदाच, टपरीवर सूप पिताना, मान खाली घालून तो मला म्हणाला होता, "अजून एक हरीण मिळालं असतं यानं, तर बरं झालं असतं." व्हर्लिनच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे दुसरा माणूस ढसाढसा रडला असं समजायचं.

गुडघेही गेलेले. त्याला जमेल अशी एकच जागा होती: फाटकापासून हाकेच्या अंतरावरचा पांढरा ओक. त्याची फळं खायला हरणं येतात. पण बाकी सगळीकडे जायची पायवाट त्या ओकला खेटूनच जाते. पहाटे चार माणसं तिथून गेली की त्यांचा वास मागे राहतो आणि हरणं तिकडे फिरकत नाहीत.

मी आणि नेंगनं ठरवलं, आपण त्या वाटेनं जायचंच नाही. दलदलीतून वळसा घालून जायचं. गुडघाभर गार चिखल, वर बर्फाचा पापुद्रा, आणि गमबुटांत शिरणारं पाणी. बाकीच्यांनाही नेंगनं काय सांगितलं देव जाणे, पण तेही दुसऱ्या फाटकानं जायला लागले. व्हर्लिनला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, रान सगळ्यांचं आहे, माझ्यासाठी वाटा सोडायची गरज नाही. आणि घरी बसला असता. तो काच खाली करून विचारायचा, "कुठे बसणार?" मी म्हणायचे, "दलदलीपलीकडे." तो माझ्या गमबुटांकडे बघायचा.

"तुम्हा दोघांना हल्ली चिखल फार आवडायला लागलाय."

"तब्येतीला चांगला असतो," मी म्हणायचे.

हरणं ओकखाली येऊ लागली होती. पण व्हर्लिनला हवं तसं एकही उभं राहिलं नाही. संशय असला की तो बाण सोडत नाही, आणि दुखऱ्या खांद्यानं धनुष्य फार वेळ ताणूनही धरता येत नाही. दिवस संपत चालले होते.

मग ती सकाळ आली. नर माजावर आलेले, गवतावर दहिवर गोठलेलं, आणि माणसाचा वास हरणांपासून दूर नेणारा वायव्येचा कोरडा वारा. ओकखाली बसायला असा वारा वर्षातून थोडेच दिवस मिळतो. मी फाटकापाशी पोचले तर व्हर्लिनची पिकअप उभी, आणि तिच्या शेजारी एक अनोळखी निळी गाडी. गोठलेल्या गवतात पावलं उमटलेली. सरळ ओकाकडे.

व्हर्लिननं काच खाली केली. "कुणीतरी आधी आलंय. बस आत, कॉफी आहे."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "मी जाऊन सांगते त्याला."

"काय सांगशील? आधी आलास ही चूक केलीस म्हणून?"

"अरे, पण ती तुझी जागा आहे!"

"डोनट," व्हर्लिन शांतपणे म्हणाला.

"डोनट गेले चुलीत! तुझी शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात आहे! निदान मी वाटेनं शीळ घालत जाते. हरणं उधळू देत."

तेव्हा मात्र त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. "डार्ला, तू पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा मीही शीळ घालू शकलो असतो."

मी आत बसले आणि त्याची ती कोळशासारखी कॉफी प्यायले. घरी का जात नाही, विचारलं, तर म्हणाला, "नवा माणूस आहे. काही लागलं तर?"

उन्हं वर आल्यावर ओकाकडून एक धिप्पाड माणूस आला. मिलवॉकीत शहराची बस चालवणारा, लेव्हॉन पिकेट. हातात रक्ताळलेला बाण. "सर, तुम्हाला जरा विचारू का? नर होता. बाण लागला, पण बहुतेक मागे लागला. मी आत्ताच जाणार होतो पाठीमागे, पण तुमची गाडी दिसली म्हणून..."

व्हर्लिननं बाण घेतला, नाकाशी नेला. "पोटात बसलाय. आत्ता मागे लागलास तर तो पार पाट्यांपलीकडे पळेल. मग ना तुला मिळेल ना आम्हाला. जेवलास?"

"जेवण? आत्ता?"

"दुपारपर्यंत हलायचं नाही, तो जवळच आडवा पडेल. थंडी आहे, मांस बिघडत नाही. डार्ला, सॉसेज काढ."

मी काढलं. मनात शंभर शिव्या घालत काढलं. पण तो लेव्हॉन इतका कासावीस होता, की खाताना दोनदा त्याचं सॉसेज खाली पडलं. "बाण मारायलाच नको होता मी. जनावराला उगाच त्रास," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. जनावरासाठी जो असा तळमळतो त्याच्यावर किती वेळ रागावणार? शेवटी मीच त्याला दुसरा तुकडा कापून दिला.

दुपारी नेंगही आला. आम्ही चौघं निघालो. रक्त फार थोडं. थेंब सापडला की मी फांदीला कागदाचा बारीक तुकडा लावायचे, म्हणजे आलेली वाट दिसत राहते. ओढ्यापाशी माग तुटला. व्हर्लिन त्या गुडघ्यांनी अक्षरशः रांगत होता, पान न् पान उलटत होता. खांदा दुखला की डोळे मिटायचा आणि पुन्हा पुढचं पान. हे सगळं, त्याची मोलाची सकाळ नेणाऱ्या माणसासाठी.

उन्हं कलली तेव्हा व्हर्लिन एकाएकी थांबला. "माझी नाडी सुटली. तू हो पुढे," तो लेव्हॉनला म्हणाला आणि बूट बांधायला खाली बसला.

मी त्याच्या शेजारीच उभी होते. समोरच्या झुडपाखाली पांढरं पोट दिसत होतं. अगदी स्पष्ट. आंधळ्यालाही दिसलं असतं. व्हर्लिनच्या बुटाची नाडी मात्र घट्ट दुहेरी गाठीची होती.

"सापडला!" पुढून लेव्हॉन ओरडला. "सर! सापडला! मला सापडला!"

"वा! काय डोळे आहेत!" व्हर्लिन म्हणाला आणि माझा हात धरून उठला.

इतकी वर्षं मी ज्याच्यावर ताठ मानेनं जगले ते हरीणही याला आधीच दिसलं होतं तर. राग यायला हवा होता. आला नाही. उलट इतकं भरून आलं की मी नाक पुसायच्या निमित्तानं मागे राहिले. माणसं आपण दिलेलं सांगत सुटतात. या गृहस्थानं दिलं, आणि घेणारीला कळूसुद्धा दिलं नाही. त्या पहिल्या हरणाच्या दिवशी 'तू काहीतरी शोधलंस' असं मला कुणीतरी म्हणायची फार गरज होती, आणि त्यानं ते मला माझ्याच तोंडून म्हणायला लावलं होतं.

नर ओढून आणताना व्हर्लिन कंदील घेऊन पुढे गेला तेव्हा लेव्हॉननं मला विचारलं, "ते स्वतः नाही बसले आज कुठे?"

मी सांगितलं. सगळं. ओक, खांदा, दलदल, सगळं. रागानं नाही, पण सांगितलं. त्यानं ओढायचं थांबवलं. "म्हणजे मी त्यांच्या जागेवर..."

"तसं म्हणू नकोस. डोनट आणावे लागतात."

त्यानं पाठीचं मांस आम्हा तिघांना वाटून दिलं आणि जाताना व्हर्लिनचा हात दोन्ही हातांत धरला. व्हर्लिन म्हणाला, "पुन्हा ये. रान सगळ्यांचं आहे."

शस्त्रक्रियेच्या आधीचा शेवटचा शनिवार. वारा पुन्हा वायव्येचा. मी गाडी वळवली तर फाटकापाशी तीच निळी गाडी, सगळ्यांच्या आधी. इतकं सांगूनही! माझ्या तोंडात जे आलं ते मी इथे लिहीत नाही. मागून नेंग आला, मग व्हर्लिन. काच खाली झाली.

"कुठे बसणार आहेस?"

लेव्हॉननं घसा खाकरला. पाठ करून आलेला दिसत होता. "मी आधी आलो ना?"

"आलास."

"म्हणजे निवडायचं मी?"

"तूच."

"मग मी दलदलीपलीकडे बसणार." तो गाडीतून उतरला. पायात कोरे करकरीत गमबूट, एकाला दुकानाची चिठ्ठी अजून लोंबकळत होती. त्यानं गाडीच्या टपावरचं खोकं उचललं. "आणि हे डोनट. त्या दिवशी एक शब्द चुकून बोललो होतो."

व्हर्लिननं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, नेंगकडे पाहिलं. आधी आलेल्यानं निवडलं होतं; आता नियमावर बोट ठेवायला जागाच नव्हती. त्यानं एक डोनट घेतला, धनुष्य घेतलं आणि लंगडत ओकाकडे गेला. आम्ही तिघं दलदलीत उतरलो. लेव्हॉन पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत गेला, पण तसाच पुढे निघाला.

सूर्य झाडांवर आला होता तेव्हा व्हर्लिनची शीळ ऐकू आली. एकदा, आणि थांबून पुन्हा. आम्ही होतो तिथून धावत सुटलो.

तो ओकाला टेकून उभा होता. चेहरा पांढराफटक, उजवा हात छातीशी धरलेला. "मादी. चांगली धष्टपुष्ट. बाण बसलाय ठीक, पण ऊन डोळ्यावर होतं, कुठे गेली दिसलं नाही. जरा येता का?"

"येता का म्हणे!" मी म्हटलं. "दुसरं काय काम आहे आम्हाला?"

रक्त भरपूर होतं. व्हर्लिन पुढे, आम्ही मागे. माग दलदलीकडे वळला. आणि त्या उंच पिवळ्या गवताच्या कडेला मला तपकिरी पाठ दिसली, निश्चल. व्हर्लिन दुसरीकडे बघत होता. ओरडावंसं वाटलं. पण मी खाली वाकले.

"माझी नाडी सुटली. तू हो पुढे."

व्हर्लिन थांबला. मग पुढे गेला. मागे वळून पाहिलं तर नेंगला एकाएकी हातमोज्यात काहीतरी टोचायला लागलं होतं आणि लेव्हॉन तोंड वर करून रिकाम्या आभाळात बदकं शोधत होता.

व्हर्लिनला ती सापडली. त्यानं टोपी काढली, जशी तो नेहमी काढतो, आणि डावा हात तिच्या कुशीवर ठेवून गुडघ्यांवर बसला. मग त्यानं वळून न बघताच हाक मारली.

"डार्ला."

"हं?"

"गमबुटांना नाड्या कधीपासून यायला लागल्या?"

मी अजून वाकलेलीच होते. माझे दोन्ही हात चिखलानं माखलेल्या रबरावर होते.

"दलदलीत जायला लागलो तेव्हापासून," नेंग म्हणाला.

"वाटलंच," व्हर्लिन म्हणाला. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली, आणि मग, जन्मात कधी नाही ते, आमच्याकडे तोंड करून नीट म्हणाला, "आभारी आहे मी तुमचा. सगळ्या चिखलासकट."